धुळाक्षर म्हणजे नक्की काय? आणि आजच्या पुस्तकात चालेल का?

रानजाई
नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडकलेय, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गाणं शिकायला लागले. आठ महिने झाले तरी सा रे ग, रे ग म, ग म प या पलट्यांपुढे गाडी सरकत नाही. परवा धीर करून विचारलं, "गुरुजी, राग कधी घ्यायचा?" पेटीचा भाता न थांबवता ते म्हणाले, "अहो, धुळाक्षर चाललंय तुमचं अजून. घाई कसली?"

मी शहाण्यासारखी मान डोलावली. जिना उतरताना लक्षात आलं की हा शब्दच मला ठाऊक नाही. घरी नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "तुझा सूर धुळीला मिळाला असं सुचवत असतील."

आता योगायोग बघा. मी सध्या नवशिक्यांसाठीचं एक बुद्धिबळाचं पुस्तक मराठीत करतेय. पहिल्या प्रकरणात डाव नाहीतच, नुसते छोटे छोटे व्यायाम आहेत. रिकाम्या पटावर एकटा घोडा घेऊन या घरातून त्या घरात कमीत कमी उड्यांत जायचं, एकट्या हत्तीने प्यादी टिपायची, असं. गुरुजींचा शब्द डोक्यात होता, मी प्रकरणाला नाव दिलं 'धुळाक्षरे'. संपादकांचा लाल शेरा आला: "वाचकाला कळणार नाही. 'प्राथमिक सराव' करावे."

तर या शब्दाची नेमकी छटा काय? तुमच्या घरात कुणी बोलताना वापरायचं का? आणि मी संपादकांशी भांडू का?

शब्दकिडा
कोश उघडायचा. धूळ अधिक अक्षर. शिकाऊ पोराने धुळीत काढलेलं अक्षर, आणि लक्षणेने कुठल्याही विद्येचे सुरुवातीचे धडे. नपुंसकलिंगी. धागा संपला.

रानजाई
कोश उघडूनच आलेय हो. अर्थ कळला, वापर कळला नाही. श्रीगणेशा, ओनामा, मुळाक्षरे आणि धुळाक्षर, सगळं एकच असतं तर चार शब्द कशाला झाले असते?

धुळेकर_दादा
मी धुळ्याचा. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. धुळाक्षर ते हेच ना?

पिंपळपान
वाचतेय. शब्द पहिल्यांदाच ऐकला, पण गोड आहे.

अण्णा_वाईकर
शब्द माझ्या आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, तोंडी होता. ते स्वतः पंतोजींच्या शाळेत शिकले नाहीत, पण त्यांचे वडील शिकले होते, त्यामुळे घरात ती धूळपाटी माळ्यावर पडलेली मी स्वतः पाहिली आहे. हातभर लांबीची लाकडी फळी, कडेला बोटभर उंचीची पट्टी, एका टोकाला मूठ. तीत विटकरीची वस्त्रगाळ भुकटी पसरायची. पाटी दोन्ही हातांनी धरून हलकेच हिसका दिला की भुकटी सपाट होते. मग बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. गुरुजींनी बघितलं, मान हलवली की पुन्हा हिसका. अक्षर गेलं. पुन्हा काढा.

तात्या सांगायचे की कागद आणि बोरू हातात मिळायला फार वेळ लागे. कागद महाग. शाई घरी करायची, बोरू तासायचा, त्याचं टोक तिरकं छाटायचं, आणि मग कित्ता. म्हणजे क्रम असा: आधी धुळाक्षर, मग कित्ता, मग खर्डा. पोराचा हात धुळीत बसल्याखेरीज कागद खराब करू द्यायचा नाही.

बोलण्यात ते कसं वापरत? मी सायकल शिकताना आपटलो तर म्हणाले होते, "पडू दे, धुळाक्षर आहे." त्यांना विनोद करायचा नव्हता, पण गुडघे खरंच धुळीने माखले होते.

शब्दकिडा
वाईकर, उत्तम. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. प्रारंभिक शिक्षण, बस्स.

अण्णा_वाईकर
नाही हो. कित्ताही प्रारंभिकच आहे. पण कित्त्याचं पान गुरुजी जपून ठेवत, पालकांना दाखवत. धूळपाटी कुणाला दाखवणार?

जुनीपोथी
ओनाम्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ओनामा म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' या वाक्याचं तुकडा पडून उरलेलं डोकं. पूर्वी मुलाला पहिल्या दिवशी पाटीवर हेच गिरवायला लावत. यातलं 'सिद्धम्' फार जुनं आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की इकडची मुलं सहाव्या वर्षी सिद्धम् नावाचं अक्षरांचं पुस्तक सुरू करतात आणि सहा महिन्यांत संपवतात. कातंत्र या जुन्या संस्कृत व्याकरणाचं पहिलं सूत्रही 'सिद्धो वर्णसमाम्नायः' असंच आहे. उत्तरेत याची पार दशा झाली आणि म्हण पडली, "ओनामासीधम, बाप पढ़े ना हम."

मुद्दा असा की ओनामा आणि श्रीगणेशा हे मुहूर्ताचे शब्द. एकदाच होतात. "मी स्वयंपाकाचा श्रीगणेशा केला" म्हणजे पहिल्या दिवशी कुकर लावला. "स्वयंपाकाचं धुळाक्षर चाललंय" म्हणजे तीन महिने पोळ्यांचे नकाशे होताहेत. श्रीगणेशा चालू राहत नाही, धुळाक्षर चालू राहतं.

पिंपळपान
पोळ्यांचे नकाशे!! माझ्या लेकाचं धुळाक्षर सहा वर्षं चालू आहे मग.

रानजाई
जुनीपोथी, हे फार नेमकं सांगितलंत. एक होतो, एक चालतं.

गणूमास्तर
पाटीवरून आठवलं. आमच्या लहानपणी दगडी पाटी होती. ओल्या फडक्याने पुसायची असा नियम, पण फडकं कुणाकडे? थुंकी आणि शर्टाची बाही. मग पाटी हवेत हलवत "चिमणी चिमणी वारा घाल" म्हणायचं. खंडेनवमीला त्याच पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी, कारण पाटी पूजेला बसलेली.

आणि परवचा! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणता येणारा इथे कुणी आहे का?

शब्दकिडा
एक औट औट, बे औटे सात, त्रिक औटे साडेदहा, चोक औटे चौदा. पुढचं विसरलो. 'औट घटकेचं राज्य' यातला औट तोच.

धुळेकर_दादा
आमच्याकडे औट म्हणजे गल्ली क्रिकेट.

लीलावतीची_भाची
धूळ हा शब्द हलका समजू नका. आपल्याकडे अख्ख्या अंकगणिताला धूलीकर्म म्हणत, कारण आकडेमोड धूळ पसरलेल्या फळीवर किंवा भुईवर करायची आणि पुसत पुढे जायची. पाटीगणित हे दुसरं नाव, त्यातली पाटी तीच. हे गणित अरबांकडे गेलं तेव्हा त्यांनी नावंही जवळपास तशीच ठेवली. हिसाब अल-तख्त म्हणजे फळीवरचा हिशेब, आणि हिसाब अल-घुबार म्हणजे धुळीतला हिशेब. घुबार म्हणजे आपला गुबार, धुरळा.

आपल्याकडचा दुवा हवा असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणला जा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात आहे, आणि त्यात शेवटी काही ओळी चक्क मराठीत आहेत. कुणी किती द्यायचं याचा हिशेब. मी गेले तेव्हा पाऊस होता आणि शिलालेखापेक्षा माकडांकडेच जास्त लक्ष द्यावं लागलं.

तर भास्कराचार्यांच्या परंपरेतला पोरगाही धुळीतच बेरजा करत असणार. धूळ हे आकडेमोडीचं साधन होतं, ती अडाण्याची खूण नव्हे.

भातकोकणी
आमच्याकडे धूळ लागलेले दोन शब्द अजून रोज चालतात. धूळवाफ पेरणी, म्हणजे पाऊस पडायच्या आधी कोरड्या वाफ्यात भात पेरायचं. पाऊस वेळेवर आला तर रोपं लवकर तयार, नाही आला तर बियाणं गेलं. आणि धूळभेट, म्हणजे पायांची धूळ न झटकता उभ्या उभ्या घेतलेली भेट. पंढरपुरात वारकरी आधी तसंच धूळदर्शन घेतात, अंघोळबिंघोळ मग.

यात मला एक धागा दिसतो. धूळ लागली की ते काम पुरतं झालेलं नसतं, खरं काम पुढे असतं.

टंकनाथ
सगळं छान, पण मी संपादकांच्या बाजूने. पुस्तक बुद्धिबळाचं आहे, शब्दसंग्रहालय नाही. दहा वर्षांचा मुलगा अनुक्रमणिका उघडणार आणि 'धुळाक्षरे' वाचून पुस्तक मिटणार. आज धूळपाटी कुणी पाहिली आहे? मी वीस वर्षं टायपिंग क्लास चालवला. ए एस डी एफ जी, सेमीकोलन एल के जे एच. पोरं महिनाभर तेच बडवायची. त्याला आम्ही 'धडा पहिला' म्हणायचो आणि कुणाचं काही अडलं नाही. शब्द जिवंत ठेवायचे तर कविता लिहा. पाठ्यपुस्तकात प्रयोग नको.

पिंपळपान
टंकनाथ, पण 'प्राथमिक सराव' वाचून तरी कोणता मुलगा उड्या मारेल? सरकारी परिपत्रक वाटतं.

टंकनाथ
परिपत्रक निदान कळतं.

मल्लखांबवाला
माझा थोडा वेगळा आक्षेप. मी मुलांना मल्लखांब शिकवतो. आमच्याकडे सलामी आणि अढी ही सुरुवात. पायांची अढी धरता आली नाही तर पुढचं काहीच नाही. पण राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेतलेला पोरगाही रोज आधी सलामी, मग अढीच मारतो. ते कधीच सुटत नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, तेव्हापासून खांबावर चढायची रीत हीच.

मग याला धुळाक्षर म्हणायचं का? वाईकरांच्या आजोबांची धूळपाटी एक दिवस माळ्यावर गेली. आमची अढी माळ्यावर जात नाही. त्या हिशेबाने रानजाईंचे गुरुजी चुकलेच, कारण पलटे तर गवई म्हातारपणीही घोटतात.

झिलई
+१. मी कथक शिकले. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. तीस वर्षं झाली, तत्कार रोजचाच. ज्या दिवशी मी त्याला धुळाक्षर म्हणेन त्या दिवशी बाई मला घुंगरू फेकून मारतील.

शब्दकिडा
चला, अखेर कुणीतरी तर्काने बोललं. म्हणजे रियाज वेगळा, धुळाक्षर वेगळं. गुरुजींनी शब्द सैल वापरला.

जुनीपोथी
सैल कसा? पलटा तोच असला तरी शिकणारा कुठे आहे त्यावर नाव बदलतं. तुमचा पहिला तत्कार आणि आजचा तत्कार एकच का? पहिल्या वर्षीचा धुळाक्षर, तिसाव्या वर्षीचा रियाज. बोल तेच.

झिलई
हम्म. हे जरा खरं आहे. पहिल्या वर्षी पाय मोजायचे, आता ऐकते.

चेन्नईकर_मावशी
मी तीस वर्षं मद्रासात काढली, म्हणून राहवत नाही. धुळाक्षर सातासमुद्रापार गेलं होतं, माहीत आहे का? अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासमधल्या एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचा अधीक्षक झाला. तिथल्या मलबारी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. त्याने आपल्या मास्तरांना तसं करायला सांगितलं, मास्तर नाक मुरडायला लागले. मग त्याने आठ वर्षांच्या एका हुशार पोरालाच छोट्या वर्गावर बसवलं. तो पोरगा वाळूत शिकवायला लागला आणि वर्ग पुढे गेला. बेलने १७९७ मध्ये लंडनमध्ये याचं पुस्तक छापलं. पुढे इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत बाकांवर वाळूचे ट्रे आले आणि मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायची पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली.

आमच्या शेजारच्या मल्याळी घरात विजयादशमीला अजूनही तीन वर्षांच्या पोराचं बोट धरून ताटातल्या तांदळात 'हरि श्री गणपतये नमः' लिहून घेतात. पोरगं रडतं, आजोबा लिहितात, फोटो निघतो.

न्यूजर्सीची_सई
मावशी, तुमचा वाळूचा ट्रे सातासमुद्रापारच राहिलाय! माझी लेक इथे माँटेसरीत जाते. तिथे रोज सकाळी बारीक वाळूचा लाकडी ट्रे समोर ठेवतात, बोटाने अक्षर काढायचं, ट्रे हलवायचा, पुन्हा. मी पालकसभेत कौतुकाने ऐकत होते की ही किती आधुनिक पद्धत. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, ही तर धूळपाटी. याला फी किती घेतात?"

आकडा सांगितला नाही.

धुळेकर_दादा
सांगा सांगा, धुळ्यात धूळ फुकट आहे. एक्स्पोर्ट करू.

पिंपळपान
हसून हसून पुरेवाट!

गणूमास्तर
तुकोबांचा अभंग आठवला. "अर्भकाचे साठीं । पंतें हातीं धरिली पाटी." पंतोजीला स्वतःला अक्षर येतं, पण पोरासाठी तो पुन्हा पाटी हातात घेतो. म्हणजे धुळाक्षर शिकणाऱ्यासारखंच शिकवणाऱ्यालाही करावं लागतं. रानजाई, तुमचे गुरुजी आठ महिने तुमच्याबरोबर सा रे ग म्हणताहेत, त्यांच्या धीराचंही कौतुक करा.

रानजाई
गणूमास्तर, मान खाली घातली.

आता पुढची हकिकत. धागा वाचून मला राहवेना, म्हणून काल गुरुजींनाच विचारलं. म्हटलं, मल्लखांबवाले म्हणतात की पलटे आयुष्यभर करायचे असतात, मग ते धुळाक्षर कसं? गुरुजींनी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

सांगायचं राहिलं, मी आठ महिने प्रत्येक तास रेकॉर्ड करतेय. माझेच पलटे. फोल्डर केलेत, तारखा घातल्यात. दोनशेच्या वर फायली.

गुरुजी म्हणाले, "हे काय साठवताय? ऐकता का कधी?"
म्हटलं, "नाही ऐकत."
"मग? धुळाक्षर पुसायचं असतं. पाटी भरली की नवं कुठे लिहिणार? माझं गाणं रेकॉर्ड करा, ते ऐका. तुमचं आत्ता पुसा."

मोबाइल बंद करून पिशवीत टाकला आणि बसले. पहिली दहा मिनिटं फार उघडं उघडं वाटलं. मग एक चूक झाली, आणि गेली. पुन्हा म्हटलं. ती कुठेच नोंदली गेली नाही याचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

अण्णा_वाईकर
हिसका. पाटीला दिलेला हिसका हाच.

मल्लखांबवाला
आक्षेप मागे घेतो. अर्धा. आमच्याकडेही पालक पोराची पहिलीच अढी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात, आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून खांबाकडे कमी, कॅमेऱ्याकडे जास्त बघतं. उद्यापासून पहिले तीन महिने मोबाइल बाहेर.

शब्दकिडा
कोशात 'पुसणे' नाही. पण मान्य, कोशात विटकरीची भुकटीही नाही.

टंकनाथ
सगळे भावुक झालेत म्हणून मीच मूळ प्रश्नावर येतो. पुस्तकाचं काय? माझं मत बदललेलं नाही, पण तोडगा सुचवतो. शीर्षक 'धुळाक्षरे' ठेवा, आणि खाली बारीक टायपात दोन ओळी: पूर्वी मुलं धुळीच्या पाटीवर अक्षरं काढून पुसत, तसे हे व्यायाम पटावर मांडा आणि मोडा, वहीत लिहू नका. मग शब्द नुसता सजावटीचा राहत नाही, सूचना होतो. बुद्धिबळात तर हे चपखल बसतं. पट मोडला की काही उरत नाही.

रानजाई
टंकनाथ, हे मला सुचलं नव्हतं. या दोन ओळी तशाच्या तशा संपादकांना पाठवते, तुमच्या आयडीच्या श्रेयासह.

टंकनाथ
श्रेय नको, पुस्तक पाठवा. माझं बुद्धिबळाचं धुळाक्षर व्हायचंय.

रानजाई
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफी.)

संपादक राजी झाले! दोन ओळींची टीप वाचून म्हणाले, "मग ठीक आहे." आज अनुक्रमणिकेचं प्रूफ आलं. टाइप करणाऱ्या मुलाला शब्द माहीत नव्हता, त्याच्या मोबाइलनेही मदत केली असावी. प्रकरण पहिले: 'धुळे अक्षरे'.

धुळेकर_दादा
दुरुस्त करू नका. हात जोडतो. राहू द्या.